आजोबांची भूमिका

निवृत्ती हा एकच शब्द आपल्या घरांतून दोन अगदी भिन्न अर्थांनी वावरत असतो. पोथीतली निवृत्ती म्हणजे मनुष्याने आपण होऊन संसारातून मन काढून घेणे. कचेरीतली निवृत्ती म्हणजे ठरलेल्या तारखेस खुर्ची रिकामी करून देणे. पहिलीस मनाची तयारी लागते, दुसरीस जन्मतारखेचा दाखला पुरतो. ज्या दिवशी दुसरी घडली त्याच दिवशी पहिलीही आपोआप घडली, असे घरची मंडळी धरून चालतात आणि तेथूनच पुष्कळ घरांतल्या कुरबुरीस प्रारंभ होतो. आमच्या पनवेलीस तर हा विषय नित्याचाच आहे. मुंबईच्या कचेऱ्यांस आणि बँकांस माणसे पुरविणारे हे गाव. आधी एस. टी.ने आणि पुढे लोकलने तीस-पस्तीस वर्षे ये-जा केलेले गृहस्थ एका सोमवारी घरीच राहतात, आणि दहाच्या सुमारास सारे घर त्यांच्याकडे ‘आता यांचे करायचे काय’ अशा मुद्रेने पाहू लागते.

या प्रश्नाचा विचार यावेळी आम्ही एका नटाच्या आयुष्यावरून करणार आहोत. नटाचा धंदा यासाठी सोयीचा, की त्याला निवृत्तीची तारीख नसते. त्याला कोणी नारळ देऊन निरोप देत नाही आणि भविष्यनिर्वाह निधीचा हिशेबही कोणी करून देत नाही. तो थांबतो कधी, तर स्वतः ठरवील तेव्हा, किंवा त्याला बोलावणे येईनासे होईल तेव्हा. त्यामुळे म्हातारपण आणि काम यांचे नाते त्याच्या ठिकाणी जितके उघडे दिसते तितके इतरत्र क्वचितच दिसते.

ठाण्याचे नट रवी पटवर्धन यांचे नाव आमच्या वाचकांस परिचयाचे आहे. त्यांचा जन्म ६ सप्टेंबर १९३७चा. १९४४ साली, म्हणजे वयाच्या सातव्या वर्षी, मुंबईच्या नाट्यमहोत्सवात ते बालनट म्हणून उभे राहिले. पुढे त्यांनी रिझर्व्ह बँकेत नोकरी केली आणि नोकरी सांभाळून नाटकेही केली. भारदस्त शरीर, करडा आवाज आणि दरारा उत्पन्न करणारी नजर यांमुळे पाटील, सरपंच, पोलीस अधिकारी अशा भूमिका त्यांच्याकडे चालून येत. ‘उंबरठा’, ‘अंकुश’, ‘तेजाब’ यांसारख्या चित्रपटांतून ते सबंध देशाला दिसले. बँकेतली निवृत्ती त्यांना वेळच्या वेळी मिळाली. दुसऱ्या निवृत्तीचा प्रश्न मात्र अखेरपर्यंत सुटला नाही. आणि तो सुटला नाही यातच, आमच्या मते, आपल्या सर्वांना शिकण्याजोगे काही आहे.

१९७४ साली रत्नाकर मतकरी यांचे ‘आरण्यक’ हे नाटक रंगभूमीवर आले. महाभारतातील युद्ध संपल्यानंतरचा काळ हा त्याचा विषय. त्यात धृतराष्ट्र झाले रवी पटवर्धन, विदुर झाले दिलीप प्रभावळकर आणि गांधारी झाल्या प्रतिभा मतकरी. पटवर्धनांनी त्या वेळी चाळिशीही गाठली नव्हती. केसांस पांढरा रंग लावून आणि पाठीला बाक देऊन त्यांनी वार्धक्य उसने आणले. चव्वेचाळीस वर्षांनी, २०१८ साली, तेच नाटक पुन्हा उभे राहिले आणि हेच तिघे त्याच भूमिकांत पुन्हा उतरले. आता पटवर्धन ऐंशी ओलांडून गेले होते. वार्धक्य उसने आणण्याचे कारण उरले नव्हते. उसने आणायचे होते ते दोन-अडीच तास उभे राहण्याचे बळ. ते त्यांनी कोठून आणले असेल, हा आम्हांस मोठा कुतूहलाचा विषय वाटतो. आमचा तर्क असा, की ते भोवतालच्या माणसांतून येते. तालमीस रोज आठ-दहा माणसे आपली वाट पाहत आहेत, आपले वाक्य आल्यावाचून पुढच्याला आपले वाक्य उच्चारता येत नाही, ही जाणीव औषधाहून अधिक गुणकारी असते.

धृतराष्ट्राची गोष्ट येथे नुसती योगायोगाने आलेली नाही. आश्रमवासिक पर्व ज्यांनी वाचले आहे त्यांस आठवेल, की युद्धानंतर तो वृद्ध राजा लगेच वनात गेला नाही. पंधरा वर्षे तो युधिष्ठिराच्या आश्रयाने हस्तिनापुरातच राहिला. युधिष्ठिर त्यास मान देई, परंतु भीम त्यास ऐकू जाईल अशा रीतीने टोचून बोले. अखेर ते बोल असह्य झाले तेव्हा त्याने वनाची वाट धरली. त्याच वेळी कुंतीही वनात गेली. मुले राज्यावर आहेत, तिला टोचून बोलणारे कोणी नाही, उलट ‘जाऊ नको’ म्हणून पांडव विनवीत आहेत, तरीही ती गेली. एकाच वाटेने चाललेले हे दोघे. परंतु एकाची निवृत्ती दुसऱ्यांच्या बोलण्याने घडलेली, तर दुसरीची आपल्या मनाने घेतलेली. घराघरांतून आजही या दोन तऱ्हांचे वृद्ध आढळतात, आणि भीमही आढळतात, हे सांगावयास नकोच.

मराठी रंगभूमीने याच्या अगदी उलट टोकाचा म्हातारा आपल्यापुढे ठेवलेला आहे. २३ डिसेंबर १९७० रोजी ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला. त्यातील गणपतराव बेलवलकर सन्मानाने रंगभूमीचा निरोप घेतात आणि जवळ होते नव्हते ते मुलांना वाटून मोकळे होतात. ही भूमिका प्रथम करणारे डॉ. श्रीराम लागू तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. बेलवलकरांची चूक पैसा वाटून टाकण्यात झाली, असे आपण सहसा समजतो आणि मृत्युपत्राविषयी एकमेकांस शहाणपणाच्या चार गोष्टी सांगतो. आम्हांस त्या गृहस्थांचे खरे दुःख निराळे वाटते. पैसा गेला, घर गेले, त्यापूर्वीच त्यांचे काम गेले होते. ज्या मनुष्याने चाळीस वर्षे शेकडो लोकांसमोर शब्द उच्चारले, त्याच्या शब्दावाचून आता कोणाचेही अडत नव्हते. धृतराष्ट्र नको तितके दिवस राहिला. बेलवलकर एका दिवसात सर्व सोडून बसले. पहिल्याने राहण्यात चूक केली, दुसऱ्याने सोडण्यात.

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी वाट आहे, आणि पटवर्धनांच्या शेवटच्या भूमिकेत ती आम्हांस दिसली. २२ जुलै २०१९ पासून ‘अग्गंबाई सासूबाई’ ही मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. रात्री साडेआठची तिची वेळ, म्हणजे बहुतेक घरांत पाने मांडण्याची वेळ. तीत कुलकर्णी घराण्याचे तापट, जुन्या वळणाचे आजोबा पटवर्धनांनी केले. निवेदिता सराफ त्यांची विधवा सून, तेजश्री प्रधान नातसून, आशुतोष पत्की नातू. नातवाला उद्देशून ते ‘कोंबडीच्या’ अशी जी हाक मारीत, ती घरोघरच्या मुलांच्या तोंडी बसली. मालिकेचा विषय सुनेच्या पुनर्विवाहाचा. म्हणजे या आजोबांच्या वाट्याला आलेले खरे काम एवढेच, की आयुष्यभर जपलेला अधिकार हळूहळू हातातून सुटू द्यावयाचा आणि तो सुटताना घर मोडू द्यावयाचे नाही. पूर्वी ज्या दराऱ्यावर त्यांनी पाटील आणि फौजदार उभे केले, तोच दरारा येथे त्यांनी नातवंडांसाठी हास्याचे साधन करून टाकला. नायकाची जागा त्यांची नव्हती. मधली जागा तरुणांना देऊन, बाजूच्या खुर्चीवर बसून, ते त्या घराचे वजन सांभाळीत राहिले.

मालिकेचे काम कसे चालते हे ठाऊक असल्यावाचून या खुर्चीची किंमत कळणार नाही. नाटकाची तालीम महिना-महिना चालते. मालिकेत तितकी उसंत नसते. आठवड्याचे पाच-सहा भाग वेळेवर गेलेच पाहिजेत, म्हणून बारा-बारा तास चित्रीकरण चालते. पुष्कळदा प्रवेशाचे कागद त्याच दिवशी हाती पडतात. अशा धबडग्यात विशी-पंचविशीतील मुले-मुली घरापासून दूर, वर्ष-दोन वर्षे त्याच माणसांच्या सहवासात राहतात. रंगपटात एकत्र बसणे, एकमेकांचे डबे उघडणे, एकमेकांची वाक्ये म्हणवून घेणे, हे सर्व ओघाने येतेच. ज्या तरुणांच्या स्वतःच्या घरी आजोबा नसतात, किंवा असले तरी दूर गावी असतात, त्यांना येथे आजोबा मिळतात. आणि आजोबांना काय मिळते? घरी त्यांस ‘आता विश्रांती घ्या’ असे सांगणारे मिळतात. येथे ‘हे वाक्य कसे म्हणू’ असे विचारणारे मिळतात. पहिल्या वाक्यात प्रेम आहे खरे, परंतु दुसऱ्यात गरज आहे. म्हाताऱ्या माणसास प्रेमाइतकीच, किंबहुना कांकणभर अधिकच, ही गरज हवी असते. वृद्ध नट काम सोडावयास तयार होत नाही तेव्हा लोक म्हणतात, त्यास प्रसिद्धीचा मोह सुटत नाही. कोणास तोही असेल. परंतु बहुधा त्यास सोडवत नाही ती ही मुले.

यानंतर २०२० साल उजाडले. मार्चअखेर सारा देश बंद झाला, चित्रीकरणेही थांबली. ती पुन्हा सुरू करण्यास महाराष्ट्र सरकारने मेअखेर जी परवानगी दिली, तिच्या अटींत एक अट अशी होती, की पासष्ट वर्षांवरील कोणाही कलावंताने किंवा कामगाराने चित्रीकरणाच्या जागी पाऊल ठेवू नये. साथीचा जोर वृद्धांवर अधिक, हे सर्वांस दिसत होते. तेव्हा अटीमागील हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. परंतु त्या एका ओळीने शेकडो आजोबा-आजींना एका दिवसात, त्यांस न विचारता, निवृत्त करून टाकले. पटवर्धन तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. मालिकांतील घरे पुन्हा गजबजली, पण त्यांतील वडीलधाऱ्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. कथेतील आजोबा ‘गावी गेले’ किंवा ‘आतल्या खोलीत झोपले’ असे दाखविण्याची पाळी लेखकांवर आली.

या अटीविरुद्ध सत्तर वर्षांचा एक नट मुंबई उच्च न्यायालयात गेला. तो नामांकित नट नव्हता. चाळीस वर्षे लहान लहान भूमिका करून पोट भरणारा मनुष्य होता. ७ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने ती अट रद्द केली. अशा बंदीस आधार म्हणून कोणताही अहवाल किंवा माहिती सरकारला दाखविता आली नव्हती. पासष्टीपुढच्या दुकानदारास दुकान उघडण्याची मोकळीक आणि त्याच वयाच्या नटास मात्र काम करण्यास मनाई, हा भेद न्यायालयास पटला नाही. धडधाकट मनुष्यास घराबाहेर पडून भाकरी मिळवू दिली नाही, तर त्याने मानाने जगावे कसे, हा प्रश्न त्या खटल्याच्या मुळाशी होता.

येथेच लेख संपविला असता तर न्याय झाला, सर्व गोड झाले, असे म्हणता आले असते. परंतु वस्तुस्थिती इतकी सोपी नव्हती. निकालास दीड महिना होतो न होतो तोच, २२ सप्टेंबर २०२० रोजी, आशालता वाबगावकर साताऱ्यास वारल्या. १९६४च्या ‘मत्स्यगंधा’तील सत्यवती म्हणून ज्यांचे गाणे आमच्या मागील पिढीने कान भरून ऐकले, त्या आशालताबाई एकोणऐंशीव्या वर्षी ‘आई माझी काळूबाई’ या मालिकेच्या चित्रीकरणासाठी साताऱ्याकडे गेल्या होत्या. तेथे त्या मंडळीत साथ शिरली, अनेकांना बाधा झाली आणि बाईंचा त्यात अंत झाला. म्हणजे सरकारची भीती निराधार होती असेही नाही. न्यायालयाने दार उघडले ते योग्यच केले. परंतु त्या दारातून बाहेर पाऊल टाकण्यात धोका होता, तो धोकाही खराच होता.

मग ज्यांनी बाईंना कामास बोलावले त्यांस दोष द्यावा काय? आम्ही तो देत नाही, आणि त्याचे कारण त्याच घटनेत आहे. मालिकेच्या निर्मात्या आणि अभिनेत्री अलका कुबल या आशालताबाईंच्या दुखण्यात त्यांच्यापाशी होत्या. साथीच्या त्या दिवसांत रक्ताचे नातलगही दारातूनच मागे फिरत असताना, पोटच्या मुलीने करावे ते त्यांनी केले. बाईंचा अंत्यविधीही साताऱ्यासच झाला. आम्हांस या प्रकरणातून जो धडा दिसतो तो असा: वडील माणसास कामावर ठेवण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने मुलाचे कर्तव्यही पत्करले पाहिजे. नुसता त्यांचा अनुभव घ्यावयाचा आणि दुखणे आले की ‘त्यांच्या घरी कळवा’ म्हणावयाचे, हे चालणार नाही. तसेच, ज्याला त्यांना घरी बसवावयाचे आहे त्याने, त्यांच्यावाचून अडेल असे दुसरे काही काम त्यांच्या हाती दिले पाहिजे. हे दोन्ही न करता दाखविलेली काळजी ही काळजी नसून सोय आहे.

५ डिसेंबर २०२० रोजी रवी पटवर्धन ठाण्यास वारले. वय त्र्याऐंशी. त्यांची मालिका तेव्हा चालूच होती. ती पुढे मार्च २०२१ मध्ये संपली. म्हणजे त्यांनी रंगभूषा उतरविली असे कोणास म्हणता आले नाही. निरोपसमारंभ झाला नाही, शाल-श्रीफळ झाले नाही. भूमिका हयात असतानाच नट गेला. नटाच्या दृष्टीने हे भाग्य की दुर्भाग्य, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता आपल्या घरांकडे वळू. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी एखादे तरी निवृत्त माणूस आहे. त्यांस प्रत्यही निरनिराळ्या शब्दांत एकच गोष्ट ऐकविण्यात येते: ‘तुम्ही कशाला? आम्ही करू.’ विजेचे बिल मुलगा फोनवरून भरतो, भाजी दारात येते, नातवाचा अभ्यास शिकवणीस जातो, देवाची पूजादेखील सुटीच्या दिवशी कोणीतरी उरकतो. यांत कोणाचा दुष्टावा नसतो. परंतु एकेक काम असे हातातून काढून घेता घेता अखेरीस त्या माणसाच्या हाती उरते काय, तर वर्तमानपत्र. मग ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवू लागतात आणि आपल्याला त्याचा त्रास होतो. पनवेलीच्या वडाळे तळ्याकाठी संध्याकाळी बसलेली मंडळी पाहिली म्हणजे हेच जाणवते, की या लोकांपाशी वेळ मुबलक आहे, अनुभव मुबलक आहे; नाही ती एकच गोष्ट, कोणाची तरी वाट पाहणारी नजर.

स्त्रियांविषयी येथे दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. पुरुषास निदान निवृत्त होण्याची तारीख असते. घरच्या आजीस तीही नसते. सत्तराव्या वर्षीही सणाच्या पुरणपोळ्या तिनेच लाटाव्यात अशी अपेक्षा असते, आणि पुढे एके दिवशी नवी सून प्रेमाने म्हणते, ‘आता तुम्ही स्वयंपाकघरात येऊच नका.’ एक टोक राबविण्याचे, दुसरे टोक बाहेर काढण्याचे. मधली वाट फार सोपी आहे. पोळ्या दुसऱ्याने लाटाव्यात, परंतु पुरण शिजले की नाही हे पाहण्यास आजीस बोलवावे. आणि ते तोंडदेखले नव्हे, तर तिने ‘अजून नाही’ म्हटले तर खरोखरच थांबावे.

वडील मंडळींसही आमचे एक सांगणे आहे, आणि ते त्यांनी रागावून न घेता ऐकावे. पटवर्धनांच्या भूमिकेचे मर्म त्यांच्या बाजूच्या खुर्चीत होते. जो नट सत्तरीतही नायकाचीच भूमिका मागतो त्यास कालांतराने बोलावणे येत नाही, आणि मग तो तरुणांस दोष देत बसतो. जागा बदलणे म्हणजे काम सोडणे नव्हे. तिजोरीची किल्ली मुलाकडे द्यावी आणि हिशेब विचारला गेला तरच सांगावा. नातवाने गाण्याचा किंवा नाटकाचा नाद धरला तर ‘यात पोट भरते काय’ असे विचारण्याऐवजी त्याची वाक्ये म्हणवून घ्यावीत. ज्या वृद्धास तरुणांच्या चुका सोसवतात त्याच्याभोवती तरुण आपोआप जमतात.

याकरिता आमच्या गावापुरती एक सूचना मांडून हा लेख पुरा करतो. पनवेलीस आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांच्या नावाचे नाट्यगृह आहे, आणि तेथे अटल करंडक एकांकिका स्पर्धेच्या निमित्ताने राज्यभरातील तरुण नटमंडळी दरवर्षी येत असतात. त्यांचा उत्साह दांडगा असतो, कल्पनाही नव्या असतात. उणीव असते ती बहुधा उच्चारांची आणि थांबण्याच्या कलेची. उलट पक्षी, आपल्या गावात संस्कृतचे निवृत्त शिक्षक आहेत, आयुष्यभर हौशी नाटके केलेले बँकेतील लोक आहेत, कीर्तन ऐकून ज्यांचे कान तयार झाले आहेत अशा आजी आहेत. स्पर्धेच्या आधी महिनाभर, गावातील एखाद्या मंडळीच्या तालमीस अशांपैकी एकाने रोज तासभर जाऊन बसावे. दिग्दर्शन करू नये, उपदेशही करू नये. विचारतील तेवढेच सांगावे. मुलांनी त्यांस घरून आणावे, घरी पोचवावे आणि मधल्या वेळी चहा द्यावा. या व्यवहारात कोणास किती लाभ झाला याचा हिशेब पुढे दोन्ही पक्षांनी आपापल्या घरी करावा. आमची खात्री आहे, की त्या महिन्यात त्या आजोबांच्या घरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाणार नाही; आणि जेवणास उशीर झाला तरी त्याविषयी तक्रार न करता ते घड्याळाकडे पाहून एवढेच म्हणतील, की उद्या साडेपाचास निघावयाचे आहे, मुले वाट पाहतील.